बाझोला सापडेल असं काहीतरी

म्थोंजेनी,
रविवार, ता. ६ जुलै २०१४

चि. लिंदेल्वा हिस आत्याचे अ. आ. वि. वि.

इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. ठीक नाहीये.

तुझी आई माभेले ज्या टॅक्सीतून दवाखान्यात गेली ती टॅक्सी तिच्यावाचून परत आली. माणसांना ते कळलं. कुत्र्याला कोण सांगणार? चार महिने होत आले, तुमचा बाझो रोज सकाळी उठून घर हुंगतो, भिंतीच्या कडेकडेनं, भांड्यांमागे, पलंगाखाली. मग जिथे तिचे कपडे कुलपात ठेवलेत त्या गोल घराच्या दाराशी नाक लावून उभा राहतो. आणि मग निघतो तो थेट डांबरी रस्त्यावर. ती टॅक्सीत चढली तिथे जाऊन बसतो. कडेला नव्हे, मधोमध. टॅक्सीवाल्यानं दोनदा ब्रेक दाबला. तिसऱ्यांदा दाबणार नाही, असं त्यानं मला तोंडावर सांगितलं आणि त्याचं काही चुकत नाही.

खाणं नाही. फासळ्या मोजून घ्या. त्याचं नाव बाझोथिनी, म्हणजे आता काय बोलतील लोक, हे तुझ्या आईनं शेजारणीला डिवचायला ठेवलं होतं. आता ती शेजारीण खरंच बोलते.

गच्वा गावातल्या लाकडाच्या वखारीवर राखणीला कुत्रा हवाय. साखळी, वर पत्रा, दोन वेळ खाणं. मी तुझ्या बापाला म्हणलं, झामिले, देऊन टाक, जिवंत तरी राहील. तो ताट तसंच ठेवून उठला. तेव्हापासून रोज तसाच उठतो. कुत्रा गेला तर माझा भाऊही त्याच्या मागोमाग जाणार. मी चार इयत्ताच शिकलेय, पण एवढं मला कळतं.

तू जनावरांच्या दवाखान्यात कामाला आहेस तर काहीतरी सांग. गोळ्या पाठवू नकोस. आणि फोन करू नकोस. टेकडीवर उभं राहून मी ओरडते आणि सगळं गाव ऐकतं. टॅक्सीवाल्याकडे चिठ्ठी दे.

तब्येत सांभाळ, उत्तर लवकर दे. उशीर झाला तर वखारवाला येऊन घेऊन जाईल.

तुझी आत्या,
नोझिबेले

*

खेबेऱ्हा,
रविवार, ता. १३ जुलै २०१४

ती. आत्याबाईस लिंदेल्वाचा सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि बसमध्ये रडले. शेजारच्या बाईनं मला संत्रं दिलं. वखारीवाल्याला नाही म्हणून सांग, मी हात जोडते.

गोळ्या नाही पाठवत, खेळ पाठवते. हसू नकोस. इथे दर शनिवारी आमच्याकडे पाळीव कुत्र्यांना वास शोधायला शिकवतात. सोफ्यावर झोपणारी कुत्री येतात, लाडानं बिघडलेली, आणि अर्ध्या तासात असं काम करतात की घरी जाऊन मेल्यासारखी झोपतात. कुत्र्याचं डोकं नाकात असतं, आत्या. बाझो वेडा झालेला नाही. तो रोज शोधतो आणि त्याला रोज सापडत नाही. त्याला सापडेल असं काहीतरी आपण द्यायचं.

रीत सोपी आहे. बुटांचे चार खोके एका रांगेत ठेवा. सोबत पाठवलेल्या भोकं पाडलेल्या डबीत लवंगेच्या तेलाचा कापूस घाला, डबी एका खोक्यात ठेवा, वर कलेजीचा तुकडा. तो नाक घालेल तिथेच, त्याच खोक्यावर, आणखी एक तुकडा द्या. काही दिवसांनी वरची कलेजी काढा. फक्त डबी सापडली की द्यायची. खोके बदला, जागा बदला. दिवसातून तीनदाच, आणि त्याला अजून हवं असतानाच थांबा.

एक अट तुझ्यासाठी. डबी कुठे आहे तिकडे बघायचं नाही, बोट दाखवायचं नाही, मानगुटीला धरून न्यायचं नाही. आणि ओरडायचं तर मुळीच नाही. तुला जमेल का, असं मी तातांना विचारणार होते, पण तूच हे पत्र वाचशील म्हणून विचारत नाही.

तातांना माझा नमस्कार सांग, जेवायला घाल. माझ्यावर आहे तेवढी माया बाझोवरही राहू दे.

तुझी,
लिंदेल्वा

*

म्थोंजेनी,
रविवार, ता. २७ जुलै २०१४

चि. लिंदेल्वा हिस अ. आ. वि. वि.

तुझी तेलाची बाटली गच्वाच्या वळणावर फुटली. टॅक्सीवाला म्हणाला की पंधरा माणसं दाढदुखी बरी होऊन उतरली. मला काचा मिळाल्या. डबी मात्र धड होती.

दुसरी बाटली येईपर्यंत थांबायला मी काही रिकामी नाही. मी झामिलेला म्हणलं, वासच हवाय ना, मग घाल त्यात काहीही. त्यानं काहीतरी चिंधी घातली. काय घातलं ते मी विचारलं नाही. आणि पोरी, काय सांगू. पहिल्याच दिवशी कुत्रा तिसऱ्या खोक्यापाशी असा थबकला की त्याची शेपटीही हलेना. मग बसला. बसून झामिलेकडे बघत राहिला. झामिलेनं कलेजी दिली. त्यानं खाल्ली! चार महिन्यांत पहिल्यांदा मी त्याला चवीनं खाताना बघितलं.

मग मी माझी हौस केली. मी लपवलं, तर कुत्रा खोके न हुंगता माझ्यापुढेच येऊन बसायला लागला. मी म्हणलं, हा मूर्ख. झामिले म्हणाला की मूर्ख तो नाही. बहिणाबाई डबी ठेवतात त्याच खोक्याशेजारी जाऊन उभ्या राहतात, घारीसारख्या. मी त्याला म्हणलं, तोंड सांभाळ, मी तुझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी आहे. पण लगेच म्हणलं, हं, उत्तर देतोय म्हणजे बरा आहे. आता मी कुंपणाकडे तोंड करून उभी राहते. खांब किती आहेत ते पाठ झालं.

आता खोके गेले, सगळं अंगण झालं. दगडांच्या ढिगात, पाण्याच्या टाकीमागे, लोखंडी नांगराखाली, कुठेही ठेवा, बाझो काढतो. सहा दिवस झाले, रस्त्यावर गेला नाही. वखारवाल्याला मी नाही सांगितलं. तो म्हणाला, म्हातारे, तुझं डोकं फिरलं. मी म्हणलं, फिरू दे.

दुसरं. काकांनी तुझ्या आईला मोकळी करायचा दिवस ठरवला आहे. २७ सप्टेंबर, शनिवार. आदल्या दिवशी तुझ्या आईचे कपडे धुवायचे आणि शनिवारी वाटायचे. धुणं माझ्या हातानं होणार, मीच थोरली. रजा आत्ताच मागून ठेव.

तुझ्या खेळाला मी आधी तोंड वाकडं केलं होतं. आता सरळ केलं आहे. आणखी काही मागू नकोस. आमची आठवण ठेव आणि ख्याली-खुशाली कळव.

आत्या

*

म्थोंजेनी,
रविवार, ता. १० ऑगस्ट २०१४

चि. लिंदेल्वा हिस अ. आ.

मला पत्र लिहिता येत नाही ते तुला ठाऊक आहे. गुरांना औषधाच्या पाण्यात बुडवून काढतात त्या डिपिंग टाकीवर मी तीस वर्षं फक्त गुरांचे आकडे लिहिले.

बाझो बरा आहे. मी बरा आहे. पण एक गोष्ट केली आहे आणि ती पोटात राहत नाही. डबीत घातली ती चिंधी नव्हे. तुझ्या आईचा निळा रुमाल आहे, ती डोईला बांधायची तो. गोल घराची किल्ली माझ्याकडेच असते. धुवायच्या आधी ते गाठोडं सोडायचं नसतं, मी सोडलं. लहानशी डबी आहे, रुमालाचं एक टोकच आत जातं. बाकीचा बाहेर गुंडाळतो.

म्हणून तर बाझो एवढा खूश आहे. तो शोधतो आणि त्याला ती सापडते.

आता सप्टेंबरात सगळे कपडे धुतले की काय सापडणार? पुन्हा रस्त्यावर जाईल. तू शिकलेली आहेस म्हणून विचारतो, एक कपडा न धुता ठेवला तर चालेल का? कुत्र्यासाठी. नोझिबेलेला सांगू नकोस.

इतकंच. थंडीत गरम घालत जा.

तुझा ताता,
झामिले

*

खेबेऱ्हा,
रविवार, ता. १७ ऑगस्ट २०१४

ती. तातांना लिंदेल्वाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दहा वेळा वाचलं. तुमच्यावर रागावणार होते, पण जमलं नाही.

कपडा ठेवायचा की नाही हे मी कोण सांगणार? ते घरातल्या मोठ्यांचं काम. पण कुत्र्यांचं काय ते मला ठाऊक आहे. ताता, वास राहत नाही. धुतला नाही तरी जातो. अंगणात सहा महिने फिरवलेल्या रुमालाला बाझोचा, कलेजीचा आणि तुमच्या हाताचा वास येईल. त्या दिवशी तो पुन्हा रस्त्यावर जाईल, आणि तेव्हा आपल्याकडे दुसरं काही नसेल.

म्हणून आत्ताच त्याला नवा वास शिकवू या. आमच्याकडे असंच करतात. ओळखीच्या वासाच्या पाठीवर नवा वास बसवायचा. डबीत रुमालाचं टोक आणि सोबत एक लवंग, असं आठवडाभर. मग रुमाल काढायचा. रात्रभर रुमालाच्या घडीत ठेवलेला कापूस आणि लवंगा, आठवडाभर. मग तासभरच घडीत ठेवलेला कापूस. मग नुसत्या लवंगा. प्रत्येक पायरीवर तो न चुकता बसायला लागला की मगच पुढची. सहा आठवडे आहेत, पुरतात. यावेळी तेल नाही, अख्ख्या लवंगा पाठवते, त्या फुटत नाहीत.

आणि आत्याला तुम्हीच सांगा. ती ओरडेल. पण ती ओरडते म्हणून आपलं घर उभं आहे.

मला आईची आठवण येते तेव्हा मीही तिचा स्वेटर हुंगते, ताता. न विचारता घेऊन आले होते. मीही तो धुवायला आणीन.

जेवत जा. आशीर्वाद असू द्यावा.

लिंदेल्वा

*

म्थोंजेनी,
रविवार, ता. २४ ऑगस्ट २०१४

लिंदेल्वा,

टॅक्सीवाला सगळी पत्रं माझ्याकडे टाकतो आणि पाकिटावर कुणाचं नाव आहे हे बघायची मला सवय नाही. तर मी वाचलं. तुमच्या बापलेकीची गुपितं मला कळली. ओरडते म्हणून घर उभं आहे म्हणे! बरं.

मी तशीच चालत झामिलेकडे गेले. तो पायरीवर बसला होता आणि रुमाल मांडीवर होता. कुत्रा दूर उन्हात झोपलेला. मी म्हणलं, कुत्र्यासाठी ना? मग कुत्रा तिकडे आणि रुमाल इकडे कसा? तो म्हणाला, वारा द्यायला काढला होता. पन्नास वर्षांपूर्वी साखर चोरली तेव्हाही त्यानं असंच तोंड केलं होतं.

मग मी बोलले ते तुलाही सांगते. माभेलेच्या माहेरच्यांना मी कबरीपाशी शब्द दिला आहे की तिचं सगळं धुऊन, नीट वाटून तिला मोकळी करू. सगळं म्हणजे सगळं. एक धागा मागे ठेवला तर गाठ अर्धीच सुटते. ती बाई जन्मभर घाईत होती, आता तिला आपण दारात उभी करून ठेवायची का? झामिले खाली बघत म्हणाला की दारात उभी असली तरी असते ना. मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले. असं फार वेळा होत नाही.

पण लवंगा कालपासून सुरू केल्या. मी स्वतः बघते आहे. रुमाल धुण्यात जाणार आणि कुत्रा घरी राहणार, दोन्ही व्हायला हवं. बघू तुझी शाळा काय करते.

स्वेटर आठवणीनं आण. चोर सगळे.

आत्या

*

म्थोंजेनी,
रविवार, ता. ७ सप्टेंबर २०१४

चि. लिंदेल्वास अ. आ.

सांगते ते पुरतं ऐक, मध्ये बोलू नकोस. पत्रात मध्ये बोलता येत नाही हे एक बरं आहे.

पहिला आठवडा रुमाल आणि लवंग, छान झालं. मग रात्रभराचा कापूस, चार दिवस, तेही छान. मला वाटलं, आता कशाला रांगत बसायचं, कुत्र्याला येतंय. शुक्रवारी मी झामिलेला न विचारता डबीत नुसत्या लवंगा टाकल्या.

बाझोनं अंगण हुंगलं. टाकीमागे गेला, डबीवरून गेला, नांगराकडे गेला, परत आला. पुन्हा सगळं हुंगलं. मग गोल घराच्या दाराशी जाऊन नाक लावलं. तिथून तो फाटकाबाहेर निघाला. सहा आठवड्यांनी पहिल्यांदा. मी हाका मारल्या, वळूनही बघितलं नाही.

झामिले त्याच्या मागे गेला. पळायचं वय नाही त्याचं. चारची टॅक्सी यायची वेळ होती. मी फाटकाशी उभी राहून रस्त्याकडे बघत होते आणि टॅक्सीचा आवाज येतोय का ते ऐकत होते. तासानं दोघं परत आले. झामिलेनं त्याला खांद्यावर टाकून आणलं, कोकरासारखं. ताट तसंच ठेवलं.

आता काय करायचं ते लिही. सगळं लिही, पायऱ्या सोडू नकोस. मी सोडणार नाही.

आत्या

*

खेबेऱ्हा,
रविवार, ता. १४ सप्टेंबर २०१४

ती. आत्याबाईस सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रात तू चूक कबूल केलीस. मी ते चौकटीत लावणार आहे.

आता खरं सांगते. हे इथे दर आठवड्याला कुणीतरी करतं, चांगली शिकलेली माणसं करतात. बाझोचं काही बिघडलेलं नाही. त्यानं लवंग हुंगली, पण लवंग म्हणजे काम झालं हे त्याला अजून पुरतं ठाऊक नव्हतं. दोन पायऱ्या मागे जा. पुन्हा रात्रभराचा कापूस. तीन दिवस न चुकता बसला तर तासभराचा. मग पाच मिनिटांचा. नुसती लवंग धुण्याच्या आदल्या दिवसाआधी नको. जागा सोप्या ठेवा, जिंकू द्या त्याला. आणि कलेजीत कंजूषपणा नको.

दुसरं, लपवायचं आणि बक्षीस द्यायचं दोन्ही तातांनीच. तू फक्त खांब मोज. त्याचं कारण कुत्रा नाही, आत्या. तुला कळेल.

तू घाबरलीस हे पत्रात वाचून मला कसंतरी झालं. तू कधी घाबरत नाहीस. सव्वीसच्या पहाटे पोचते. तोवर मला विसरू नकोस.

लिंदेल्वा

*

खेबेऱ्हा,
मंगळवार, ता. ३० सप्टेंबर २०१४

ती. आत्याबाईस सा. न. वि. वि.

काल सुखरूप पोचले. तू बांधून दिलेला मक्याचा पाव अजून पुरवते आहे. दोन्ही दिवस किती नीट झालं सगळं. आईच्या माहेरच्या बायका जाताना माझा हात सोडत नव्हत्या.

एक विचारायचं राहिलं. शुक्रवारी मी खाली नळावर पाणी भरायला गेले होते आणि परत आले तर निळा रुमाल टबात होता. तातांनी तो कसा दिला? काय म्हणाले? विचारायला मला धीर झाला नाही.

आणि बाझो? अंगणात एवढी माणसं, धुण्याच्या दोऱ्या, मटणाचा वास, त्या गर्दीत खेळ काही झालाच नाही. मी निघाले तेव्हा तो गोल घराच्या उघड्या, रिकाम्या दारात उभा होता. मला तेच दिसतंय. रस्त्यावर गेला का, खरं ते लिही.

लोभाला खंड पडू देऊ नकोस.

लिंदेल्वा

*

म्थोंजेनी,
रविवार, ता. ५ ऑक्टोबर २०१४

चि. लिंदेल्वा हिस आत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

सांगते. तू नळावर होतीस. आम्ही टबाभोवती. झामिले आला. पुरुषांनी तिथे यायचं नसतं, मी म्हणणारच होते. त्यानं सुतकाचं काळं बटण लावलेल्या खिशातून रुमाल काढला, वाकला आणि स्वतःच्या हातानं पाण्यात घातला. हात मात्र पाण्यातच राहिला. बायका थांबल्या. आता हा मोडणार, मला वाटलं. तर तो म्हणाला की पाणी गार आहे. थोडं ऊन घाला, माभेलेची बोटं गार पाण्यात दुखायची.

मी म्हणलं, झामिले, धुणं मी करतेय, ती नाही. पण उठले आणि पाणी तापवलं. सगळे कपडे ऊन पाण्यात धुतले. तुझा चोरलेला स्वेटरही. रुमाल दोनदा.

तो माझ्या वाट्याला आला हे तू बघितलंस. मी मागितला नव्हता. झामिलेनंच काकांना सांगितलं होतं म्हणे.

आता बाझो. सोमवारी तो दिवसभर त्या रिकाम्या गोल घरात झोपला. उठवला नाही. मंगळवारी दुपारी झामिलेनं डबी चुलीमागच्या सरपणात लपवली. पाच मिनिटांच्या कापसावर तो धुण्याआधीच बसायला लागला होता, आता आत नुसत्या लवंगा, दुसरं काहीही नाही. मी रुमाल बांधून अंगणात बसले होते. मुद्दाम बांधला. होऊन जाऊ दे म्हणलं, आज कळेल ते कळेल.

बाझो आधी माझ्याचकडे आला. पुढचे पाय माझ्या मांडीवर ठेवून रुमाल हुंगला. खूप वेळ हुंगला. मग साबणानं शिंकला आणि खाली उतरला. तेवढ्यात चारची टॅक्सी आली. आमच्याच वळणावर थांबली, कुणी उतरलं, दार सरकलं, हॉर्न वाजला. बाझोनं मान वर केली. झामिले मुठीत कलेजी धरून उभा. मी खुर्चीतून उठलेली. बघायचं नाही, ओरडायचं नाही, हा तुझा नियम, म्हणून दोन म्हातारी माणसं कुंपणाकडे तोंड करून उभी. लिंदेल्वा, मी सतरा खांब मोजले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजले.

टॅक्सी गेली. मग मागे सरपण खडखडलं.

वळून बघितलं तर तो सरपणासमोर बसला होता, ताठ, झामिलेकडे बघत. झामिले त्याच्या शेजारी मातीतच बसला आणि त्याला तुकडे भरवायला लागला. एकामागून एक. शेवटचा तुकडा उरला तो त्यानं जरा वेळ हातात धरला आणि स्वतःच्या तोंडात टाकला. मग मला म्हणाला, ताई, आज घरात काय शिजलंय?

मी आत जाऊन वाढलं. दोनदा घेतलं त्यानं.

पाच दिवस झाले, बाझो रस्त्यावर गेलेला नाही. पुढचं कोण सांगणार? तू सांगितलंस म्हणून मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा एकेक पायरी चढले, आणि त्यातून माझा भाऊ मला परत मिळाला. हे मी एकदाच लिहिते, पत्र जपून ठेव.

लवंगा संपत आल्या. येत्या टॅक्सीनं पाठव. आणि जमेल तेव्हा तूही ये, माणसं सापडलेली बरी.

तुझी आत्या,
नोझिबेले